बटणाला बोट न लावणारी बेबीताई

चांदूर बाजारहून अमरावतीकडे निघालं की थोड्या वेळानं डाव्या हाताला शेवंतीचा पिवळा पट्टा लागतो. त्याच्या टोकाला विटांचं दोन खोल्यांचं घर, घरामागं विहीर, आणि विहिरीपाशी टिनाच्या पेटीत मोटरचा स्टार्टर. त्या पेटीला एक तुराटी कायम टेकलेली असते. तुरीचं वाळलेलं खोड, हातभर लांब, एका टोकाला हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. अशाच आणखी दोन तुराट्या घरात आहेत, एकेका खोलीत एकेक, बटणांच्या बोर्डाखाली. नव्या माणसाला वाटतं, मांजर हाकलायला ठेवल्या असतील. पण त्या घरात मांजर नाही. बेबीताई आहे, आणि बेबीताईनं वीस वर्षांत विजेच्या बटणाला बोट लावलेलं नाही.

दिवा लावायचा म्हणजे तिचा एक सोहळाच असतो. आधी पायात रबरी चप्पल. मग लाकडी पाट ओढून त्यावर उभं राहायचं. मग मान वळवून, डोळे मिटून, तुराटीच्या टोकानं बटण खाली. उजेड पडला की आधी एक डोळा उघडायचा, मग दुसरा. गावात म्हणतात, बेबीच्या घरी उजेडसुद्धा काठीनं हाकलून आणावा लागतो.

बाकी बाई भित्री नाही बरं. शेवंतीत साप निघाला तर त्याच तुराटीवर उचलून बांधापलीकडे सोडून येते. साप दिसते, म्हणते, दिसते त्याचं काय भेव? वीज दिसत नाई.

तिचं भेव उगाच नव्हतं. वीस वर्षांमागं नवरा वामनराव पावसात भिजलेल्या स्टार्टरला चिकटला होता. वर्षाली तेव्हा दोन वर्षांची, बेबीताईच्या कडेवर. शेजारी झोपडीच्या कुडाच्या तुराट्या होत्या. तिनं एक उपसली आणि नवऱ्याच्या हातावर मारत सुटली, हात सुटून तो खाली पडेपर्यंत. वामनराव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं आकडली ती आकडलीच. तेव्हापासून तुराटी.

त्या भागाचा लाईनमन शाकीब. त्याचा नंबर बेबीताईला तोंडपाठ. खांबावर ठिणगी दिसली, तार लोंबून राहिली, मीटर गुरगुरून राहिलं, असं काहीतरी आठवड्यातून दोनदा ती त्याला कळवते. तो येतो, वर पाहतो, चहा पितो, काही नाही म्हणतो आणि जातो. एकदाच, पोळ्याच्या दिवशी, रोहित्राच्या डीपीपाशी खरंच अर्धी जळलेली तार लोंबत सापडली. तेव्हापासून तो हसतो, पण येतो.

अशा घरात तो काळा डबा आला. थोरल्या सागरनं आणला होता, आठ वर्षांमागं, अमरावतीत गेम खेळायचं एक दुकान बंद पडलं तेव्हा. मोठ्या पेटीएवढा कंप्युटर, एक बाजू काचेची, आत तीन पंखे आणि लाल दिवे. पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा बेबीताईला वाटलं पेटला. ती पाण्याची नाही, मातीची घमेली घेऊन धावली. सागर त्यावर गोळ्या झाडायचे खेळ खेळायचा. पुढं तो पुण्याला नोकरीला गेला आणि डबा वर्षालीकडं आला.

वर्षाली गोळ्या झाडत नव्हती. लोक जिथं गोळ्या झाडतात ती जागा बनवायला ती शिकली: घरं, झाडं, वाटा, नाले. एकदा तिनं आईला बोलावून दाखवलं. पडद्यावर त्यांचीच विहीर, तीच तुटकी कड, तोच निंब. बेबीताई पाहतच राहिली. मग तिनं विचारलं, इथं कोनाले मारतात व?

"कोनालेच नाई," वर्षाली म्हणाली. "इथून फक्त पानी घेऊन जातात."

दोन वर्षांत तिनं सतरा ठिकाणी अर्ज केले. बोलावणं आलं एकच, यंदाच्या पौषात. सोमवारी अकरा वाजता खेळ बनवणाऱ्या कंपनीचे लोक पुण्यातून पाहणार, आणि वर्षालीनं आपण बनवलेल्या गावातून त्यांना चालवून आणायचं, मध्ये न अडखळता. जमलं तर घरी बसून नोकरी. पण डबा म्हातारा झाला होता. तिसऱ्या पावलाला पडदा थिजायचा, चढावर बैल बसावा तसा. सागरनं मित्राकडून त्याच डब्यात बसेल असा जास्त ताकदीचा प्रोसेसर घेऊन पाठवला. प्रोसेसर म्हणजे डब्याचं डोकं. बाकी अंग तेच, डोकं नवं.

पार्सल गुरुवारी आलं. बुधवारी वर्षाली बांधावरून घसरली होती आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. अमरावतीच्या दुकानदारानं सांगितलं, डबा ठेवून जा, पुढच्या बुधवारी देतो. सागरला सुट्टी नाही. वामनरावची बोटं तशी. शुक्रवारी संध्याकाळी वर्षालीनं आईकडं पाहिलं, आणि ती काही बोलायच्या आधीच बेबीताईनं नाही म्हटलं. पोरीनं हट्ट केला नाही. डाव्या हातानं मीच करते म्हणाली आणि नवा प्रोसेसर दाखवला. चौकोनी, बिस्किटाएवढा, आणि पोटाला सोन्याच्या बारीक बारीक सुया. तेराशे एकतीस, वर्षालीनं सांगितलं, एक वाकली तर खेळ संपला. पोरीला डाव्या हातानं पोळीही धड तोडता येत नव्हती. बेबीताईला घास गोड लागला नाही.

सकाळी तिनं सांगितलं, करते. पण चप्पल घालून.

शनिवारी वामनराव उजाडताच शेवंतीची पोती घेऊन अमरावतीच्या फूलबाजाराला गेला. बेबीताई फुलं निवडून आत आली तोवर वर्षालीनं पहिलं काम सुरूही केलं होतं. डब्यातला बोर्ड, ज्यावर प्रोसेसर बसतो, तो जुना, नव्या प्रोसेसरला ओळखत नव्हता. जुना प्रोसेसर काढण्याआधी बोर्डाला ती ओळख शिकवावी लागते. दहा-बारा मिनिटं लागतात, वर्षालीनं सांगितलं, आणि तेवढ्या वेळात लाईट गेली तर बोर्ड कायमचा मेला.

बेबीताईनं घड्याळ पाहिलं. नऊ बावीस. साडेनऊला थ्री फेज सुटणार होती.

थ्री फेज आणि सिंगल फेज हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं. शेतातल्या घराला दिव्यापुरती सिंगल फेज दिवसभर असते. मोटरची थ्री फेज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ती सोडताना घरातला दिवा एकदा मिचकतो, पापणी लवावी तेवढाच. माणसाला त्याचं काही नाही. पण सुरू असलेला कंप्युटर तेवढ्यात मरतो. या आठवड्यात पाळी दिवसाची होती, साडेनऊला. वर्षालीला दिवा मिचकतो हे माहीत होतं, वेळ तिनं कधी लक्षात ठेवली नव्हती. ते काम घरात एकाच माणसाचं. लाईट गेल्यावर कंप्युटरला जगवायचा बॅटरीचा डबा दोन पावसाळ्यांपासून मेलेला. पडद्यावरची पट्टी बोटभरही सरकली नव्हती, आणि सुरू केलेलं मध्येच थांबवताही येत नव्हतं.

बेबीताईनं शाकीबला फोन लावला.

"बोला काकू, आज काय गुरगुरून राहिलं?"

"काई नाई गुरगुरत. आज थ्री फेज उशिरा सोडाले लाव."

मग त्यानं विचारलं, काहून? ती म्हणाली, वर्षालीच्या कंप्युटरचं ऑपरेशन चालू आहे, मधात लाईट गेली तर मरते तो, आणि पोरीची नोकरी त्याच्यात हाय. शाकीब म्हणाला, मी खांबावर आहे, बटण सबस्टेशनवाल्याच्या हातात. चाळीस मोटरवाले माझ्या नावानं बोंबलतील. ती म्हणाली, दहाच मिनिटं. तो म्हणाला, सांगून पाहतो, भरवसा धरू नका. आणि फोन ठेवला.

वर्षाली पट्टी पाहत होती. बेबीताईनं चप्पल घातली, पाटावर चढली, तुराटीनं दिवा लावला आणि त्या दिवसाढवळ्याच्या दिव्याकडं पाहत उभी राहिली. नऊ अठ्ठावीस. नऊ एकोणतीस. वीस वर्षांत ती लाईट जावी म्हणून कैकदा देवाला विनवत आली होती. राहावी म्हणून पहिल्यांदाच. साडेनऊ झाले. दिवा जळतच होता. बत्तीस झाले तसं शेजारच्या शेतातून कोणीतरी लाईटवाल्यांच्या खानदानाचा उद्धार करू लागलं. बेबीताईला ते भजनासारखं गोड लागलं. पस्तीसला पट्टी भरली, डबा आपोआप बंद होऊन पुन्हा उठला, वर्षालीनं पाहून घेतलं आणि तो रीतसर बंद केला. त्यानंतर दोन-तीन मिनिटांनी दिवा मिचकला आणि विहिरीवरची मोटर आपसूक गरजली.

शाकीबचा फोन आला, झालं का ऑपरेशन?

"भूल देली," बेबीताई म्हणाली. "कापाचं आता हाय."

तिनं तुराटीनं भिंतीवरचं बटण वर केलं, फडक्यात धरून वायर काढली, आणि ती डब्यापासूनही सोडवून पदराच्या गाठीत बांधून कमरेला खोचली. आता कोणी काही म्हटलं तरी वीज डब्यात शिरणार नव्हती. शिरायची असती तर तिच्या कमरेवरून जावी लागली असती. मग ती तयार झाली. ओठ फुटतील अशी कोरडी थंडी, म्हणून नायलॉनच्या लुगड्यावर लोकरी स्वेटर, पायात रबरी चप्पल, चपलेखाली पाट. आजवर ज्यानं ज्यानं तिला वाचवलं ते सगळं तिनं अंगावर आणि अंगाखाली घेतलं.

काच निघाली. आत प्रोसेसरवरच्या पंख्याचे चार स्क्रू होते, ते समोरासमोरचे एकेक सैल करायचे, एका बाजूनं नाही. ते तिनं नीट केलं. पंखा मात्र निघेना. वर्षालीनं सांगितलं, वर ओढू नको, जात्याच्या खुंट्यासारखा थोडा इकडं थोडा तिकडं फिरव. तिनं फिरवला. एकदा, दोनदा, आणि "सट" असा आवाज होऊन पंखा हातात आला. त्याच्या बुडाला जुना प्रोसेसर तसाच चिकटून आला होता, सुया वर करून. दाढ काढताना जबडाच आला असं बेबीताईला वाटलं. वर्षाली वाकली, मोबाईलच्या उजेडात बोर्डावरची भोकं ओळीनं पाहत गेली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, बोर्डाले काई नाई झालं. हा तर काढायचाच होता.

मग तिनं डाव्या हातानं नव्याची डबी उघडली आणि पुढं केली. बेबीताईनं हात लांब केला. वाटेत तिचं बोट डब्याच्या लोखंडी कडेला लागणार, तेवढ्यात चट्ट झालं. लहानशी निळी ठिणगी उडाली. तिला दिसली.

ती भिंतीला जाऊन टेकली. हात आधी कमरेच्या गाठीवर गेला. वायर होती. डबा भिंतीपासून सुटा होता. मग आली कुठून?

तिला ठाऊक होतं कुठून. वीस वर्षांपासून ठाऊक होतं. थंडीत अंगावरची शाल ओढली की चटचट आवाज यायचा, अंधारात कधी ठिणग्याही दिसायच्या. चिकटलेल्या माणसाला तिनं मारून सोडवलं, तेव्हा त्यातली थोडी वीज तिच्यात राहून गेली, असा तिचा हिशेब होता. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. वामनरावलाही नाही. फक्त थंडीचे दोन महिने ती लेकरांना आपल्या गोधडीत घेत नसे.

आता भिंतीला टेकून तिनं ते सांगितलं. "त्याच्यात नाई, माह्यात हाय ते. त्या दिवसापासून." आणि वर्षालीला म्हणाली, तू दूर हो.

वर्षाली आधी हसणार होती. मग तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

"म्हणून थंडीत मले बापाजवळ निजवत होती का तू?"

बेबीताईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

वर्षाली बराच वेळ बोलली. सगळं बेबीताईला समजलं असं नाही. एवढं समजलं की हे सगळ्यांच्याच अंगात असतं, वर्षालीच्याही, शाकीबच्याही. लोकर नायलॉनवर घासली की तयार होतं, कोरड्या थंडीत जास्त. अनवाणी माणसाच्या पायातून ते मातीत उतरून जातं. रबरी चप्पल आणि पाट त्याला उतरू देत नाहीत. जितकं ती स्वतःला जपत होती तितकं ते तिच्यात साचत होतं. त्यानं माणसाला काही होत नाही. पण या बिस्किटाला तेवढी ठिणगी म्हणजे आभाळातली वीज.

"तो तुले भेते, आई," वर्षाली म्हणाली. "स्वेटर काढ. चप्पल काढ. पाट काढ. आन् एक हात लोखंडाले लावून ठेव."

कोणी तिला साप हातानं उचलायला सांगितला असता तरी एवढी भीती वाटली नसती. उघड्या डब्यासमोर, अनवाणी, लोखंडाला हात लावून. भिजलेल्या स्टार्टरपाशी वामनराव असाच उभा होता. ती म्हणाली, नाई होत माह्यानं. वर्षालीनं डबी परत घेतली आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत प्रोसेसर धरायला गेली. बोटं सुयांकडंच जाऊ लागली.

"ठेव खाली," बेबीताई म्हणाली.

तिनं स्वेटर काढला. आतल्या खोलीत जाऊन सुती लुगडं नेसून आली. चप्पल दाराशी सोडली. पाट पायानं सारला. फरशी बर्फासारखी लागली. कमरेची वायर पुन्हा चाचपली. मग डोळे मिटून, मान वळवून, डावा हात डब्याच्या लोखंडी कडेवर ठेवला.

काही झालं नाही.

तिनं हात तसाच राहू दिला. तळव्याला घाम आला, तरी काही झालं नाही. वर्षाली हळूच म्हणाली, आता डोळे उघड, डोळे मिटून नाई बसत तो.

शेवंतीचं फूल ओवताना पाकळीला धरत नाहीत, देठाच्या चकतीला धरतात, नाहीतर गळतं. बेबीताईनं प्रोसेसर तसा धरला, कडांना. एका कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण होता, बोर्डावरही तसाच एक; त्रिकोणावर त्रिकोण आणायचा आणि सोडून द्यायचा. दाबायचं नाही, वर्षाली म्हणाली, जागा बरोबर असंन तर आपल्या वजनानं बसते. बेबीताईनं सोडला. तो बसला नाही, तिरपा राहिला. तिनं नखानं कड जराशी सरकवली, आणि तो खाली गेला, पाण्यात खडा जावा तसा, बिनआवाज. वर्षालीनं त्याला धरून ठेवणारी बाजूची दांडी दाबायला सांगितली. मग मधोमध प्रोसेसरची गरमी पंख्याकडं नेणारी पेस्ट, तुरीच्या दाण्याएवढी. तुरीचा दाणा केवढा हे बेबीताईला सांगावं लागलं नाही. मग पंखा, मग समोरासमोरचे स्क्रू.

वायर कमरेची सुटून जागेवर लागली. भिंतीवरचं बटण तिनं तुराटीनंच खाली केलं. डब्याचं बटण मात्र डब्याला होतं, आणि तो पुन्हा लोखंडाचाच. बेबीताईनं त्याला बोट लावलं.

पंखे फिरले. लाल दिवे लागले. पडदा काळाच राहिला.

पहिल्यांदा वेळ लागते, वर्षाली म्हणाली. एक मिनिट गेलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, पण आवाज आधीचा नव्हता. आणखी एक मिनिट गेलं. सोमवार आणि त्यामागचे सतरा अर्ज त्या काळ्या पडद्यात बुडताना बेबीताईला दिसत होती. विहिरीपाशी वामनराव पडला होता तेव्हा त्याचा श्वासही असाच चालत नव्हता. ती तेव्हा त्याला हलवत सुटली होती. आता तिनं काही हलवलं नाही. अनवाणी उभी राहिली आणि डब्याच्या लोखंडावरचा हात काढला नाही.

पडदा उजळला. वर्षालीनं एका ओळीत नव्या प्रोसेसरचं नाव वाचलं आणि कपाळ प्लास्टरवर टेकवलं. बेबीताईनं विचारलं, झालं का? तिनं मान वर न करता होकार दिला. मगच बेबीताईनं डब्यावरचा हात काढला आणि ती फरशीवर बसली.

सोमवारी अकराला वर्षाली कानाला यंत्र लावून बसली. बेबीताई स्वयंपाकघरात होती, अनवाणी, आणि खिडकीचा लोखंडी गज धरून उभी होती. आपल्यातली काही वीज भिंतीतून तिकडं जाऊ नये म्हणून. पाऊण तास तिनं गज सोडला नाही. भाजी करपली. वामनराव पाणी प्यायला आला आणि तिला तसं पाहून गेला.

डबा एकदाही अडखळला नाही. वर्षाली त्या लोकांना वाटेनं, निंबाखालून, विहिरीपाशी घेऊन गेली. तिथं त्यातल्या एकानं थांबवलं. टिनाच्या पेटीला टेकलेली ती काठी कशाची, त्यानं विचारलं. गजापाशी उभ्या बेबीताईला वर्षालीचंच बोलणं ऐकू येत होतं.

"ती माझ्या आईची," वर्षाली म्हणाली. "तिनं त्या काठीनं माझ्या बाबांना वाचवलंय."

दहा दिवसांनी होकार आला. शाकीब पेढा खायला आला आणि वर खांबाकडं न पाहता गेला.

तुराट्या अजून आहेत, तिन्ही. दिवा लावताना पाट आणि चप्पलही आहे. फक्त थंडीत निजायच्या आधी बेबीताई चप्पल काढते, खिडकीच्या गजाला हात लावून उभी राहते, आणि मग पोरीच्या गोधडीत शिरते. वामनरावनं एकदा विचारलं, हे काय चालू आहे. उतरवून येते, ती म्हणाली.